सही करण्याआधी

(दापोली येथील महिला मेळाव्यातील भाषण)



मी अकरा वर्षं मस्कतला होते. आपल्या तालुक्यातली माणसं आखातात जातात हे तुम्हाला नवं नाही. पण 'तिकडं गेलेलं माणूस' म्हटलं की डोळ्यांपुढं पुरुष येतो. तिकडं गेलेल्या बाईच्या कागदांचं काय होतं, ते मला सांगायचं आहे.

२०१२ च्या आषाढात माझे वडील गेले. नवऱ्याच्या कंपनीत पासपोर्ट अडकलेले, मला येता आलं नाही. दहावा-तेरावा मी फोनवर ऐकला. त्यानंतर चारच दिवसांनी दादाचा फोन. "सातबाऱ्यावर वारस लावायचेत. कागद पाठवलाय, वकिलातीत सही करून परत धाड." इंग्रजीतली सहा पानं होती. मी सही करणारच होते. शेजारी एक मल्याळी नर्स राहायची, तिनं विचारलं, "वाचलंस का?"

रात्री दोघींनी मिळून वाचलं. वारस नोंदीचं कलम एकच. त्याखाली माझा हक्क सोडणं, बाग विकणं, पैसे स्वीकारणं, सगळ्याचे अधिकार दादाला! ते कुलमुखत्यारपत्र होतं. दादा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. त्याला वाटलं, बहीण परदेशात सुखात आहे, तिला काय करायचंय? मी विचारलं तर म्हणाला, "तिथं बसून तू आंबे राखणार आहेस का?"

बायांनो, वारस नोंदीसाठी बहिणीला हक्क सोडावा लागत नाही. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं आणि प्रतिज्ञापत्र देऊन कोणीही एक वारस तलाठ्याकडे अर्ज करू शकतो. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) हक्कसोडपत्र हा अगदी वेगळा दस्त आहे, तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. हे दोन कागद एकाच पाकिटात आले, की समजावं.

कायदा आपल्या बाजूला आहे. मृत्युपत्र नसेल, तर बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत हिंदू मुलगी १९५६ पासून वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं १९९४ साली लग्न न झालेल्या मुलींना आणि २००५ साली देशानं सगळ्याच मुलींना मुलाइतका हक्क दिला. मुसलमान मैत्रिणींचा वाटा तर शरियतनंच ठरवून दिला आहे. मुरुड हे कर्व्यांचं गाव म्हणून आपण मिरवतो. पण किती घरांत मुलींची नावं सातबाऱ्यावर टिकतात?

मी वेगळं मुखत्यारपत्र केलं, फक्त वारस नोंदीपुरतं, आणि तेही आईच्या नावानं. विक्रीचा, हक्कसोडीचा अधिकार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं. असा कागद भारतात आला की तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, ते मला वकीलबाईंनी सांगितलं म्हणून कळलं. आणि देणारं माणूस मेलं की त्याचं मुखत्यारपत्रही संपतं. नवऱ्याच्या जुन्या कागदावर दीर व्यवहार करत असेल, तर हे ध्यानात ठेवा.

आणखी एक खाच आहे. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. बहिणीचा पत्ता म्हणून माहेरचंच घर लिहिलेलं असेल, तर नोटीस घेतो कोण? भाऊच! म्हणून अर्जात आपला खरा पत्ता घाला. आता 'आपली चावडी'वर गावच्या फेरफाराच्या नोटिसा बघता येतात. मुलीला, सुनेला बघायला सांगा.

माझं नाव लागलं. दोन वर्षं गणपतीला बोलावणं आलं नाही. भाऊ की बाग, असं लोक विचारतात. बहिणीवरच ही निवड का यावी, ते मला अजून कळलेलं नाही.

आईनं मात्र एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा सांगितली. तिच्या माहेरी तिची सही एका साडीवर घेतली होती. साडी हिरवी होती, एवढं तिला आठवत होतं. कागदात काय होतं, ते नाही.

त्या मुखत्यारपत्राचा मराठी मसुदा मी आणला आहे. चहाच्या सुट्टीत ज्यांना हवा त्यांनी उतरवून घ्या.