हलकी गाडी, दांडगी गाडी

आमच्या ड्रायव्हिंगच्या वर्गात परवा वाद रंगला. जितकं मोठं इंजिन, तितकी गाडी भारी, हे खरं का? आम्ही साठ वर्षांपूर्वीच्या दोन स्पोर्ट्स कारचा हिशोब मांडून पाहिला.

पहिली इंग्लंडची, १९६२ साली आलेली लोटस एलान. इंजिन १.६ लिटरचं, ताकद १०५ हॉर्सपॉवर, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. दुसरी अमेरिकेची, १९६३ची शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे. आठ सिलिंडर, ५.४ लिटर. तिच्या सगळ्यांत साध्या इंजिनाचीही ताकद २५० हॉर्सपॉवर, पण वजन सुमारे १४०० किलो.

आता भागाकार करा. एलानच्या एका हॉर्सपॉवरच्या वाट्याला सव्वासहा किलो येतात, कॉर्व्हेटच्या साडेपाचच्या थोडे वर. ताकद जवळजवळ अडीचपट, पण तिचा बराचसा भाग स्वतःचंच वजन ओढण्यात जातो.

खरा फरक वळणावर कळतो. डोक्यावर भरलेला हंडा असताना आपण झटकन वळू शकतो का? गाडीचंही तसंच. वेग सारखा असला, तरी दुप्पट वजन थांबवायला ब्रेकवर दुप्पट भार येतो.

पण कॉर्व्हेटला नावं ठेवायची नाहीत हं! अमेरिकेतल्या लांबलचक सरळ रस्त्यांवर मोठं इंजिन न धापता धावतं. इंग्लंडच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांना एलान शोभते. आणि टक्कर झालीच, तर हलक्या गाडीतल्या माणसांना जास्त मार बसतो, हेही विसरू नका.

आणखी एक गोष्ट. लोटसचे कॉलिन चॅपमन यांनी १९५२ साली कंपनी सुरू केली, ती २५ पौंडांच्या उसनवारीवर. ते पैसे दिले होते हेझल विल्यम्स यांनी. पुढे दोघांचं लग्न झालं. गाडीचं नाव सगळ्यांना माहीत असतं, हे पंचवीस पौंड फार थोड्यांना.

हिशोब संपल्यावर वर्गातली एक जण म्हणाली, "दमलीस तर टॉनिक घे, असं मला सगळे सांगतात. डोक्यावरचा एक हंडा उतरवून घेतो, असं कुणी म्हणत नाही." वर्ग एकदम गप्प झाला.

तुमचा कोणता हंडा उतरवता येईल? घरी आज हे विचाराच.