आधीं मुलीची पाटी
(गांवच्या पारावर पालकांपुढें झालेलें भाषण)



बहाई धर्माची थोडी हकीकत सांगण्यास उभा आहें. मी त्या धर्माचा नव्हे, तुम्ही तो घ्यावा असेंही माझें म्हणणें नाहीं. पण त्यांतली एक गोष्ट माझ्यासारख्या मास्तराला झोंबली, ती तुमच्यापुढें ठेवतों.

या धर्माचे संस्थापक बहाउल्ला १८१७ सालीं इराणांत तेहरान येथें जन्मले. घर दरबारी, पैसा मुबलक. तें सोडून ते सांगूं लागले, कीं मनुष्यजात एक आहे. वंश, देश, रंग यांवरून उच्चनीच ठरवूं नये. शहानें त्यांना हद्दपार केलें. पुढें तुर्की सुलतानानें १८६८ सालीं अक्का येथें कैदेंत टाकलें. १८९२ सालीं तिकडेच ते वारले.

एक म्हणजे सारखें नव्हे, हें मात्र ध्यानांत घ्या. जोंधळ्यांत आपण मधूनमधून तुरीच्या ओळी घालतों. तुरीनें जोंधळा व्हावें असें कोणी म्हणत नाहीं. रान एकच, पाऊसही एकच. माणसांविषयीं बहाईंचें म्हणणें असेंच आहे.

आतां मुद्द्याची गोष्ट. त्यांच्यांत भट नाहीं, मुल्ला नाहीं, पाद्री नाहीं. गुप्त मतानें निवडलेले नऊ पंच समाजाचा कारभार पाहतात. धर्मग्रंथ ज्यानें त्यानें स्वतः वाचायचा. मग अडाण्यानें काय करायचें? (आपल्याकडे अडाण्यांच्या जिवावर कोणाचीं घरें चालत आलीं, तें मी सांगायला नको.) बापानें मुलाला आणि मुलीलाही लिहावाचावयास शिकवावें, असा बहाउल्लांच्या ग्रंथांत हुकूमच आहे. ऐपत असून बाप कुचराई करील, तर पंचांनीं खर्च त्याच्याकडून वसूल करावा; तो गरीब असेल, तर पंचांनीं सोसावा.

त्यांचे चिरंजीव अब्दुल-बहा आणखी पुढें गेले. सगळ्या लेकरांना शिकविण्याची ऐपत नसेल, तर आधीं मुलीला शिकवा, असें त्यांनीं सांगितलें. कारण ती उद्यां आई होणार, आणि आई हीच लेकराची पहिली मास्तरीण.

हें वाचलें तेव्हां माझी मान खालीं गेली. ओढग्रस्तीच्या सालीं माझ्या घरीं एकाचीच फी निघत होती. मीं मुलाची भरली. मुलगी हुशार, पण दोन वर्षें गोवऱ्या थापीत राहिली. तिसऱ्या वर्षीं वर्गांत बसविली, तेव्हां शेजारच्या पोरी तिच्या खांद्याला लागत होत्या. मुलींना शाळेंत पाठवा म्हणून दुसऱ्यांचे उंबरे झिजविणारा मास्तर तो मीच!

तेहरानांत बहाईंनीं तर्बियत नांवाची शाळा मुलांसाठीं १९०० च्या सुमारास आणि मुलींसाठीं १९११ च्या सुमारास काढली. इतर धर्मांचीं मुलेंही तेथें येत. आपल्या धर्माच्या पुण्यदिनीं शाळा बंद ठेवली, एवढ्यावरून सरकारनें १९३४ सालीं तिला कुलूप ठोकलें. आपल्या पांचगणीलाही १९४५ सालीं बहाईंनीं शाळा काढली.

इराणांत १९७९ च्या क्रांतीनंतर जाच फारच वाढला. १९८३ सालीं शिराजला दहा बहाई बायकांना फांशीं दिलें. त्यांतली मोना महमूदनिजाद अवघी सतरा वर्षांची. लेकरांचे वर्ग घेणें हा तिच्यावरच्या आरोपांपैकीं एक होता. कॉलेजचीं दारें बंद झालीं, तेव्हां १९८७ पासून बहाईंनीं घराघरांतच कॉलेज भरविलें. नोकरीवरून काढलेले प्रोफेसर शिकवूं लागले. १९९८ सालीं शेंकडों घरांवर धाडी पडल्या, पुस्तकें जप्त झालीं, मास्तर पकडले. वर्ग पुन्हां भरले.

आपल्या शाळेवर धाड येत नाहीं. ती चावडीशेजारीं आहे, पायऱ्या तीन. हजेरीपट मीं सोबतच आणला आहे. सभा उठल्यावर मी येथेंच बसतों. मुलींचीं नांवें आधीं सांगा.