वाहनांची मोजदाद आणि रस्त्यावरचा माणूस



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्या आपल्या सरांनी याच शाळेत मला सरासरी काढावयास शिकविले. पुढे माझे सारे आयुष्य रस्त्यांच्या आखणीत गेले आणि त्या कामात मी रोज वापरली ती हीच सरासरी. म्हणून ‘सरासरी दैनिक रहदारी’ हा काहीसा रुक्ष वाटणारा विषय मी आज निवडला आहे.

सरासरीचा धडा संपला की सर एक गोष्ट सांगत. एक हिशेबी गृहस्थ कुटुंबासह नदीकाठी येतो. ठिकठिकाणी पाण्याची खोली मोजून सरासरी काढतो, ती कमरेएवढी भरते. तो सर्वांना पाण्यात उतरवितो आणि मध्यधारेत कुटुंब बुडते. काठावर बसून तो पुन्हा हिशेब तपासतो, तर हिशेब चोख! ‘हिसाब ज्यों का त्यों, कुनबा डूबा क्यों’ ही आपल्या भोपाळात सर्वांना ठाऊक असलेली म्हण. सर मात्र तेवढ्यावर थांबत नसत. ते विचारीत, “उत्तर बरोबर आले, पण प्रश्न कोणता होता?” आजचे माझे व्याख्यान म्हणजे या एका वाक्याचे विवरण आहे.

प्रथम ही मोजदाद होते कशी ते पाहू. रस्त्याच्या एका ठिकाणी गणक बसतात आणि जाणाऱ्या प्रत्येक वाहनासाठी तक्त्यात एक रेघ ओढतात. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, असा एक जुडगा. आता कॅमेरे आणि स्वयंचलित यंत्रे आली आहेत, पण तत्त्व तेच. वर्षभराची एकूण वाहने भागिले ३६५ केले की वार्षिक सरासरी मिळते. प्रत्येक रस्त्यावर वर्षभर माणसे बसविणे शक्य नसते. म्हणून इंडियन रोड काँग्रेसने शहराबाहेरील रस्त्यांसाठी वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी सलग सात दिवस, चोवीस तास मोजणी करण्याची पद्धत घालून दिली. एक मोजणी सुगीच्या व बाजाराच्या दिवसांत, दुसरी मंदीच्या दिवसांत. आपल्या भागात त्याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. सोयाबीन निघाल्यावर करोंदच्या मंडीकडे जाणारा रस्ता आणि भर पावसाळ्यातील तोच रस्ता, हे दोन वेगळे रस्ते असतात.

ही शिस्त आपोआप आलेली नाही. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. रस्ते ही राष्ट्रीय आस्थेची बाब आहे, त्यांना स्वतंत्र निधी हवा आणि अभियंत्यांना विचारविनिमयाचे व्यासपीठ हवे, हा विचार तिच्या शिफारशींतून पुढे आला. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ साली इंडियन रोड काँग्रेस उभी राहिली. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आपण जयकरांना ओळखतो. आपल्या पायांखालच्या रस्त्यांशीही त्यांचे नाते आहे. पुढे १९४३ साली नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि देशाची पहिली वीस वर्षांची रस्ते योजना तयार झाली.

आता एक कबुली देतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका ग्रामीण रस्त्याची मोजणी माझ्याकडे आली. थंडीचे दिवस होते. सकाळी सहा ते रात्री दहा एवढीच मोजणी करून मी माणसांना घरी पाठविले आणि रात्रीच्या रहदारीसाठी एक ठरावीक टक्केवारी मिळविली. अशी टक्केवारी अनेक ठिकाणी चालून जाते. येथे ती चालली नाही. रस्त्याच्या टोकाला दगडाची खाण होती. शहरात दिवसा जड वाहनांना बंदी असल्याने खाणीचे ट्रक रात्रीच निघत. माझ्या तक्त्यात ते जवळजवळ नव्हतेच.

ट्रक सुटला म्हणजे एक वाहन सुटले, असे होत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात चाचणीचे रस्ते बांधून त्यांवर दिवसरात्र ट्रक चालविण्यात आले. त्यातून असे दिसले की रस्त्याची झीज ही आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट नव्हे, सोळापट होते. दिवसाच्या शेकडो स्कूटरींचा परिणाम त्यापुढे नगण्य. माझा रस्ता दुसऱ्या पावसाळ्यात उखडला. गावात येणारी एस. टी. बंद झाली, आणि पुढच्या गावातील माध्यमिक शाळेत जाणाऱ्या काही मुलींची शाळा त्या वर्षी सुटली. माझा भागाकार बिनचूक होता. मी मोजले ते दिवसाच्या वाहनांना, आणि प्रश्न होता रात्रीच्या भाराचा. त्या कागदावर सही माझी होती, हे मी आजतागायत विसरलो नाही.

यावरून सरासरी टाकाऊ आहे असा अर्थ कोणी काढू नये. रस्त्याचा थर किती जाड हवा, दुरुस्तीचा पैसा आधी कोठे द्यावा, दोन पदरी रस्ता केव्हा अपुरा पडेल, हे सरासरीवाचून ठरवता येत नाही. पण रुंदीचा विचार करताना दिवसाची सरासरी पुरत नाही, गर्दीचा तास पाहावा लागतो. वर्षात ८,७६० तास असतात. त्यांतील सर्वाधिक गर्दीच्या तासासाठी रस्ता बांधला तर तो वर्षभर ओस पडेल, सरासरी तासासाठी बांधला तर रोज सकाळ-संध्याकाळ तुंबेल. म्हणून गर्दीच्या उतरत्या क्रमाने तिसावा तास धरण्याची रीत पडली. इज्तिमाच्या दिवसांतील गर्दीसाठी वर्षभराचा रस्ता रुंद करीत नाहीत, त्या दिवसांसाठी वेगळी व्यवस्था करतात, ती याच न्यायाने.

दुसरी अडचण बेरजेची. बैलगाडी, ट्रक आणि सायकल यांची बेरीज कशी करावयाची? त्यासाठी मोटारीला एक एकक मानून इतर वाहनांना तिच्या पटीत मोजतात. शहराबाहेरील रस्त्यांसाठी मोटारसायकल अर्धा, बस किंवा ट्रक तीन आणि मोठी बैलगाडी आठ, असे इंडियन रोड काँग्रेसचे १९९० सालचे प्रमाण आहे. वाहन इतरांची वाट किती अडविते, याचे हे माप. त्यात बसलेल्या माणसांचे ते माप नव्हे.

आणि येथे मी आपल्या शहराच्या एका प्रसंगाकडे येतो. मिसरोद ते संत हिरदाराम नगर, म्हणजे आपले बैरागढ, असा सुमारे २४ किलोमीटरचा बसमार्ग २०१३ साली सुरू झाला. रस्त्याच्या मध्यभागी बसगाड्यांसाठी कठडे घालून वेगळी वाट राखली होती. डिसेंबर २०२३ मध्ये तो काढून टाकण्याचा निर्णय झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये कठडे निघू लागले. शेजारच्या वाहनांची कोंडी, हे त्याचे मुख्य कारण सांगण्यात आले. निर्णयाचा निवाडा करण्यासाठी मी उभा नाही. हिशेब कसा मांडावा, एवढेच सांगतो.

साठ माणसांची एक बस घ्या. तीच माणसे मोटारसायकलींवर सरासरी दीड जण धरून बसविली तर चाळीस मोटारसायकली होतात. वरच्या प्रमाणाने बसचे एकक तीन, मोटारसायकलींचे वीस. बसच्या वाटेवर दर दोन मिनिटांनी अशी भरलेली बस गेली, तर एका दिशेने तासाला १,८०० माणसे जातात. तरीही दोन बसगाड्यांच्या मध्ये ती वाट पाहणाऱ्याला रिकामीच दिसते. उलट बस दहा मिनिटांनी येत असेल, तर तासाला ३६० माणसे, आणि मग शेजारी ताटकळलेल्या माणसाची तक्रार खोटी म्हणता येत नाही. दोन्ही प्रसंगी डोळ्यांना दिसणारा रस्ता सारखाच! म्हणून अशा वाटेचे भवितव्य ठरविताना वाहने मोजून भागत नाही. बस किती वेळाने आली, तीत किती जण होते, थांब्यावर उभे राहून किती जण कंटाळून परत गेले, हे मोजावे लागते.

शेवटी पादचारी. आमच्या तक्त्यात सायकलीला रकाना होता, हातगाडीलाही होता. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला नव्हता. पादचाऱ्यांची वेगळी मोजणी करता येते, पण ती करावी असे कोणाच्या तरी मनात यावे लागते. जो मोजला गेला नाही, त्याच्यासाठी नकाशात जागा राहत नाही, आणि पुढे रुंद झालेल्या रस्त्यावर वाहनांचा वेग वाढला की त्याची किंमत तोच मोजतो.

येथील शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वर्षातून एक दिवस वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना शाळेच्या फाटकापाशी, आतल्या बाजूस सुरक्षित बसवून, शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी मोजणी करावयास सांगा. वाहने तर मोजावीतच. त्यांतील माणसे मोजावीत, पायी येणारे मोजावेत, रस्ता ओलांडण्यासाठी किती क्षण थांबावे लागले तेही लिहावे. वर्षानुवर्षे जपलेल्या अशा नोंदी घेऊन शाळा महानगरपालिकेकडे गेली, तर तिच्या म्हणण्याला वजन येईल.

सरासरी काढणे सोपे आहे. ती कोणाची, कोणत्या वेळेची आणि कशासाठी, हे विचारणे अवघड. सर आम्हांला उत्तरानंतरही फळ्यापाशी उभे ठेवीत, ते याचसाठी. ती सवय मला थोडी आधी लागली असती, तर एक रस्ता टिकला असता. आपल्या विद्यार्थ्यांना ती वेळेवर लागो, एवढी इच्छा व्यक्त करतो, सरांच्या स्मृतीस वंदन करतो आणि आपली रजा घेतो.