मालिकालेखन : आधी हात बसवावा



दिवेलागणीची वेळ एके काळी शुभंकरोतीची, पाढ्यांची आणि एकत्र पंगतीची होती. आज त्या वेळेवर मालिकांचा अंमल आहे. मालिकांनी घरातील संस्कार बिघडविले, ही तक्रारही घरोघरी ऐकू येते. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु मालिका आकाशातून पडत नाही. ती कोणीतरी लिहितो, आणि लिहिणाऱ्याचे भावविश्व आपल्या दिवाणखान्यात येऊन बसते. तक्रार करणाऱ्या घरांपैकी किती घरे आपल्या मुलामुलींना या लेखनाकडे वळवतात? मालिकालेखक घडतो तरी कसा, याचा विचार म्हणूनच आवश्यक ठरतो.

लेखन ही दैवी देणगी आहे, ते शिकता येत नाही, असा एक समज आहे. सोलापूरकरांनी तरी तो बाळगू नये. विणकराच्या घरातील मूल पहिल्या दिवशी नवी नक्षी काढीत नाही. ते वडिलांच्या मागावर, ठरलेल्या नक्षीवर, आधी हात बसवते. मालिकालेखनाचेही तसेच आहे. दुसऱ्याने उभी केलेली चालू मालिका घ्यावी आणि तिचा एक भाग आपण लिहून पाहावा, हा या विद्येचा पहिला धडा होय.

अमेरिकेत ही रीत रूढ झालेली आहे. तेथे होतकरू लेखक कोणी न मागता, मानधनाची अपेक्षा न ठेवता, एखाद्या गाजलेल्या मालिकेचा भाग लिहितो आणि आपल्या हातोटीचा नमुना म्हणून निर्मात्यांना दाखवितो. रोनाल्ड मूर या तरुणाने ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चा असाच एक भाग लिहिला. त्या मालिकेचे मुख्य लेखक मायकल पिलर यांनी बाहेरच्या नवोदितांसाठी दार उघडे ठेवले होते. मूर यांचा भाग स्वीकारला गेला, १९८९ मध्ये प्रक्षेपित झाला आणि पुढे ते त्याच लेखकवर्गात दाखल झाले.

मात्र ही रीत परक्यांचीच आहे, असे मानण्याचे कारण नाही. शाहीर राम जोशी याच सोलापूरचे. वडील बंधू पुराणिक, आणि रामाचा ओढा तमाशाच्या फडाकडे. पुढे पंढरपुरी शास्त्राध्ययन करून ते कीर्तनास उभे राहिले, तेव्हा त्यांनी मोरोपंतांच्या आर्या हाती घेतल्या आणि त्या लोकांपर्यंत पोहोचविल्या. स्वतःची एवढी प्रतिभा असलेल्या कवीला दुसऱ्याच्या रचनेवर मेहनत घेण्यात कमीपणा वाटला नाही.

याच राम जोशींच्या जीवनावरील ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट १९४७ मध्ये आला. त्याचे लेखन ग. दि. माडगूळकरांचे. माणदेशातून आलेल्या या कवीने उमेदवारीच्या काळात वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणून काम केले होते. थोर लेखकाचे वाक्य कागदावर उतरविताना ते का आले, कोठे थांबले, हे हाताला कळत जाते. गदिमांसारखी प्रतिभाही अशा उमेदवारीतून गेली, हे नवोदितांनी विसरू नये.

आता प्रत्यक्ष सराव कसा करावा? जी मालिका मनापासून पाहिली जाते, तीच निवडावी. तुच्छतेने पाहिलेल्या मालिकेतून काहीच शिकता येत नाही. एक भाग घेऊन त्यातील प्रत्येक दृश्याची नोंद करावी : स्थळ कोणते, पात्रे कोण, दृश्याच्या आरंभी परिस्थिती काय होती आणि शेवटी काय बदलले. अर्ध्या तासात जाहिराती वगळता कथेला साधारण वीस-बावीस मिनिटेच मिळतात, हे तेव्हा ध्यानात येते. जाहिरातीपूर्वी प्रसंग कोठे तोडला जातो, हेही दिसते.

दैनंदिन मालिकेचा तर मोठा लाभ आहे. आजचा भाग संपताच उद्याचा भाग आपण लिहावा आणि दुसऱ्या दिवशी ताडून पाहावा. संवादांची कसोटी सोपी आहे : पात्रांची नावे झाकून वाचावे; कोण बोलते आहे हे घरातल्यांना ओळखता आले, तर साधले. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी हिंदी एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्या सोलापूरच्या मुलाचा कान या कामी आधीच तयार असतो.

या सरावात बंधने फार असतात. घर तेच, पात्रे तीच, त्यांचे स्वभावही ठरलेले. नायिकेला मनाला येईल तसे वळविता येत नाही. हे बंधनच खरा गुरू आहे. तीन हजारांहून अधिक भाग चाललेली ‘चार दिवस सासूचे’सारखी मालिका केवळ स्फूर्तीवर चालत नाही, तिला रोजच्या रोज लिहिणारे शिस्तीचे हात लागतात.

अर्थात सरावाचा भाग हा सरावच. पात्रे दुसऱ्याची, तेव्हा तो आपला म्हणून विकता वा प्रसिद्ध करता येत नाही. आणि जन्मभर दुसऱ्याच्या मागावर बसून राहण्यातही अर्थ नाही. अमेरिकेतही आता नवोदिताकडून त्याच्या स्वतंत्र कथेचा नमुना अधिक मागितला जातो. उमेदवारी संपली की स्वतःची नक्षी काढलीच पाहिजे.

ती नक्षी सोलापुरात शोधावी लागत नाही. मे १९३० मध्ये काही दिवस या शहरातून इंग्रजांचा अंमल उठला, पाठोपाठ लष्करी कायदा आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यात फासावर गेले. या विषयावर मालिका लिहावी, असे येथील तरुणाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु न शिकलेल्या लेखणीत थोर विषयाचेही कोरडे व्याख्यान होते आणि प्रेक्षक वाहिनी बदलतो. १९९१-९२ मधील ‘चाणक्य’ मालिकेत चंद्रप्रकाश द्विवेदी यांनी राष्ट्रविचार प्रसंगांतून आणि पात्रांच्या संघर्षातून मांडला, म्हणून तो घराघरांत पोहोचला.

हुतात्म्यांचे ऋण फेडायचे असेल, तर त्यांची कथा ओबडधोबड हातांनी सांगून चालणार नाही. म्हणून आज रात्री घरातील मालिका संपली की दूरचित्रवाणी संच बंद करावा, वही उघडावी आणि उद्याचा भाग लिहावयास बसावे.