माशांच्या ताटात अळी

माणसाने मासे पाळायला घेतले की समुद्रातल्या मासळीवरचा भार हलका होतो, असे आपल्याला वाटते. ते अर्धेच खरे आहे. आपल्या तळ्यातले रोहू, कटला भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड खाऊन वाढतात. पण कोळंबी किंवा थंड प्रदेशातला सॅमन मासा यांना प्रथिने जास्त लागतात. त्यांच्या खाद्यात मासळीची भुकटी, म्हणजे फिशमील, मिसळतात. पाळलेला मासा पोसायला समुद्रातलाच मासा धरायचा, असा हा प्रकार!

या भुकटीचा मोठा वाटा दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातून येतो. तिथला अँचोव्हेटा हा आपल्या मांदेलीच्या कुळातला लहानसा मासा. ‘एल निनो’मुळे समुद्राचे पाणी तापले की तो नेहमीच्या जागी सापडत नाही. १९७० मध्ये पेरूत सुमारे १२० लाख टन अँचोव्हेटा पकडला गेला होता. बेसुमार मासेमारी आणि एल निनो यांमुळे १९७३ मध्ये हा आकडा २० लाख टनांच्या आसपास घसरला. २०२३ मध्ये तिथल्या मुख्य पट्ट्यातला पहिला हंगामच रद्द करावा लागला.

मग पर्याय कोणता? शास्त्रज्ञांचे लक्ष गेले ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या काळ्या माशीकडे. ही माशी चावत नाही, आणि तिचे आयुष्यही जेमतेम आठवडा-दोन आठवड्यांचे. तिची अळी मात्र भलतीच खादाड. सडका भाजीपाला, फळांची साले, धान्याचा चोथा, काहीही तिला चालते. वाळवलेल्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिने असतात. मागे उरते त्याचे खत होते. युरोपीय संघाने १ जुलै २०१७ पासून कीटकांची प्रथिने मत्स्यखाद्यात वापरायला परवानगी दिली.

पण अळी म्हणजे जादूची कांडी नव्हे. माशाच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्ले तिच्यात जवळजवळ नसतात. ती वेगळी घालावी लागतात. त्याहून मोठा प्रश्न आहे, अळीला खायला काय द्यायचे? युरोपात पाळीव कीटकही पशुधनातच मोडतात. त्यामुळे हॉटेलातले खरकटे किंवा शेण त्यांना घालता येत नाही. मग कोंडा आणि तत्सम पशुखाद्य वापरावे लागते. जो कोंडा कोंबडीला थेट घालता आला असता, तो आधी अळीला घालायचा, म्हणजे अळी नुसती मधली दलाल झाली! शिवाय थंड देशात तिला उबेत ठेवायला वीज जळते. कीटक पाळणारी फ्रान्समधली एक बडी कंपनी भरपूर भांडवल उभारूनही २०२५ मध्ये बुडाली.

आपल्याकडे ऊब फुकट आहे आणि भाजीबाजारात रोज ओल्या कचऱ्याचे ढीग लागतात. तरीही एक पथ्य पाळावेच लागेल. कॅडमियमसारखा विषारी धातू खाद्यात आला तर तो अळीच्या अंगात साठतो आणि तिथून माशाच्या पोटात जाऊ शकतो. म्हणून ओला कचरा मुळातच वेगळा आणि स्वच्छ हवा.

तेव्हा अळीत प्रथिने किती, हे विचारण्याआधी ती काय खाते, हे विचारू या. वाया जाणारे अन्न तिने खाल्ले, तरच समुद्रातली मासळी वाचवण्यात काही अर्थ उरेल.