जर-तरचे जग आणि राक्षसभुवनाचा काठ

(उमापूर, ता. गेवराई, जि. बीड येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



उमापुरासारख्या गावात सायंकाळी सहज फेरफटका मारला, तरी एक दृश्य हमखास दिसते. पारावर बसलेल्या, ट्रॅक्टर चालवणाऱ्या किंवा गोठ्यात धार काढणाऱ्या तरुणाच्या कानात मोबाईलचे हेडफोन असतात. घरच्या मंडळींना वाटते, पोरगा गाणी ऐकतो आहे. पुष्कळदा ते गाणे नसते. ती एक गोष्ट असते, भागाभागांनी चालणारी. कालचा भाग नायक दरीत कोसळताना थांबला होता आणि आज तो वाचला की नाही, हे कळल्याशिवाय या तरुणाला चैन पडणार नसते. त्या गोष्टीतील जग आपले नसते. तेथे चंद्र दोन असतात, राजे वेगळे असतात, कधी इतिहासच निराळ्या वाटेने गेलेला असतो. अशा कल्पित जगात घडणाऱ्या श्राव्य कथामालिका हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

विषय वरवर पाहता करमणुकीचा आहे. परंतु ज्या जगात आपली मुले रोज तास-दीड तास वावरतात, ते जग कोणी रचले आणि तेथून परतताना मुले काय घेऊन येतात, याचा विचार घरातील वडीलधाऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी केला नाही, तर तो कोणी करावयाचा?

श्रवणाची जुनी परंपरा

क्रमशः ऐकावयाची गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही. आपला अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे दुसरे काय आहे? सात दिवस पारायण, सात दिवस कीर्तन आणि शेवटी काल्याचा प्रसाद. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतात, ते ऐन रंगात आले की अभंगाकडे वळतात आणि श्रोत्यांची उत्कंठा ताणून धरतात. येथून वर, गोदाकाठीच असलेल्या पैठणला एकनाथ महाराजांनी भावार्थ रामायण लिहावयास घेतले. युद्धकांड चालू असतानाच नाथांनी देह ठेवला आणि उरलेली कथा त्यांचे शिष्य गावबा यांनी पूर्ण केली. कथा अर्धवट राहू नये, ही समाजाची ओढ किती खोल असते, याचे हे उदाहरण आहे.

पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायका ओव्या म्हणत, त्यामागेही हेच सूत्र होते. हात कामात गुंतलेले, डोळे कामावर खिळलेले, कान मात्र मोकळे. श्राव्य कथेचे सारे सामर्थ्य या मोकळ्या कानांत आहे. म्हणूनच बीड जिल्ह्याला तिचे महत्त्व अधिक. दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. पहाटेपासून फडात कोयता चालवणाऱ्या, रात्री कोपीत पाठ टेकणाऱ्या माणसाला पुस्तक हाती धरण्याची उसंत नसते. कानाला मात्र गोष्ट ऐकता येते. गावी आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्या त्यांच्या मुलांनाही ती ऐकता येते. अशा घरात मोबाईल हेच वाचनालय झाले आहे.

आकाशवाणीचे दिवस

पुढे हीच परंपरा आकाशवाणीने उचलली. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत, हा संकल्प होता. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीतांची संख्या छप्पन्न झाली. रामकथेचा शेवट कोणाला ठाऊक नव्हता? तरीही पुढच्या आठवड्याची वाट पाहिली जात होती. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकावयास बसत, अशा आठवणी जुनी मंडळी सांगत. पुढे मुंबई केंद्राच्या ‘प्रपंच’ या श्रुतिकामालिकेतील टेकाडे भावजी आणि मीनावहिनी घराघरांतील नातलग झाले.

या श्रवणात एक गोष्ट समान होती. कीर्तनाला सारे गाव एकत्र बसे, रेडिओभोवती सारे घर. गोष्ट संपली की तिच्यावर बोलणे होई. आजी एखाद्या प्रसंगाचा अर्थ सांगे, लहान मूल शंका विचारी. कल्पनेला सोबत होती.

आजची बाजारपेठ

२०१७ मध्ये स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली आणि तिने आरंभापासूनच मराठीकडे लक्ष दिले. २०१८ मध्ये पॉकेट एफएम आणि कुकू एफएम या भारतीय तरुणांनी काढलेल्या कंपन्या उभ्या राहिल्या. मराठी अभिवाचकांना आणि लेखकांना त्यामुळे काम मिळाले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. डॅनियल ओबेरी या स्वीडिश लेखकाची, साथीने उजाड झालेल्या स्टॉकहोमची मालिका ‘व्हायरस पुणे’ होऊन मराठीत आली. परक्या शहराचे भय आपल्या पेठांमध्ये आणून बसवता येते, हे तिने दाखवून दिले.

कल्पित जगाची गोष्ट पोरकट असते, असे समजण्याचेही कारण नाही. १९७८ साली बीबीसीच्या रेडिओवरून डग्लस ॲडम्स यांची विनोदी अंतराळमालिका सुरू झाली. तिच्या पहिल्याच भागात पृथ्वी नष्ट होते आणि तीही एका अंतराळ-मार्गाच्या आड येते म्हणून! पुस्तक त्यानंतर, १९७९ मध्ये आले. सरकारी कारभाराची अशी खिल्ली सरळ लेखातून क्वचितच उडवता आली असती. कल्पित जग हा आपल्याच जगासमोर धरलेला आरसा असू शकतो.

अडचण आहे ती निराळीच. आजच्या अनेक मालिकांमध्ये आरंभीचे भाग विनामूल्य असतात आणि श्रोता गुंतला की पुढच्या भागासाठी नाणी मोजावी लागतात. अशा व्यवस्थेत गोष्ट संपणे हे विक्रेत्याच्या हिताचे नसते. भाग शेकड्यांनी वाढतात. नायक अपमानित होतो, अचानक श्रीमंत किंवा बलाढ्य होतो, सर्वांवर सूड उगवतो आणि हेच चक्र पुन्हा सुरू होते. श्रोता एकटा असतो, कानात हेडफोन असतात आणि ‘असे का झाले?’ हे विचारावयास शेजारी आजी नसते.

गंगाधरपंतांची फेरी

मग मराठीत स्वतःचे असे कल्पित जग नाही काय? आहे आणि ते थोर शास्त्रज्ञाने रचलेले आहे. डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा अनेकांना ठाऊक असेल. तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात पाठ म्हणून आले. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात पोहोचतात, जेथे पानिपतावर मराठ्यांचा विजय झालेला आहे. विश्वासरावांना लागणारी गोळी अगदी थोडक्यात हुकली आणि इतिहासाने वळण घेतले. इंग्रजांचे राज्य देशभर पसरलेच नाही.

हे ऐकताना कोणाचा ऊर भरून येणार नाही? १४ जानेवारी १७६१ ही तारीख मराठी मनात आजही ठसठसते. परंतु नारळीकरांनी येथे एक मार्मिक गंमत केली आहे. त्या पाठात गंगाधरपंत एका सभेत शिरतात, व्यासपीठावरील रिकामी अध्यक्षीय खुर्ची पाहून तिच्यावर जाऊन बसतात आणि बोलू लागतात. त्या विजयी जगातील श्रोते व्याख्यानांना आणि अध्यक्षांना इतके विटलेले असतात, की पंतांवर मिळेल त्या वस्तूंचा मारा होतो. व्याख्यात्यांनी हा प्रसंग विशेष लक्षात ठेवावा!

विनोद बाजूला ठेवला तरी बोध उरतोच. जिंकलेल्या पानिपताच्या जगात पराभूत जगातील माणसाला आयती खुर्ची नाही. त्याला आपल्याच जगात परतावे लागते.

पानिपतानंतर अडीच वर्षांनी

आणि आपल्या जगात काय घडले होते? त्याचे उत्तर शोधण्यासाठी उमापूरकरांना दूर जावे लागत नाही. ते याच गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी राक्षसभुवनला आहे.

पानिपतानंतर पाचच महिन्यांनी नानासाहेब पेशवे खचून वारले. जुलै १७६१ मध्ये माधवराव गादीवर आले, तेव्हा त्यांचे वय सोळा होते. एक पिढी रणांगणावर पडलेली, तिजोरी कर्जात बुडालेली आणि घरात सख्ख्या चुलत्याशी वैर. १७६२ मध्ये रघुनाथरावांनी पुतण्याविरुद्ध थेट निजामाची मदत घेतली. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. नागपूरकर जानोजी भोसले त्या वेळी निजामाच्या बाजूला होते. मराठेशाही संपली, असे कोणी म्हटले असते तर त्याला खोटे पाडणे अवघड होते.

१० ऑगस्ट १७६३. गोदावरीला पूर आलेला. निजाम सैन्याचा मोठा भाग घेऊन नदीपार गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेनिशी अलीकडे, राक्षसभुवनच्या बाजूला होता. जानोजींना तोवर परत आपल्या बाजूला वळवून घेण्यात आले होते. मराठ्यांनी गाठ घातली. लढाईत रघुनाथराव वेढ्यात सापडले, तेव्हा अठरा वर्षांचे माधवराव त्यांच्या मदतीला धावले. ज्या चुलत्याने वर्षापूर्वी आपल्याला नमवले, त्यालाच त्यांनी सोडवले. विठ्ठल सुंदर पडला. पलीकडच्या काठावरून निजामाला पाहत राहण्याखेरीज काही करता आले नाही. पुढे पानिपतातून जखमी होऊन वाचलेल्या महादजी शिंद्यांच्या पुढाकाराने १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत शिरले.

या घटनेत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शत्रूचा दिवाण विठ्ठल सुंदर होता आणि शत्रूला जाऊन मिळणारे आपलेच आप्त होते. पराभवाची मुळे घरात होती आणि विजयाची सुरुवातही घर सावरण्यापासून झाली. ‘ती गोळी चुकली असती तर’ या कल्पनेत आपल्याला काहीच करावे लागत नाही. दैव सारे करून जाते. राक्षसभुवनमध्ये मात्र एका तरुणाने आहे त्या जगाचा, आहे त्या माणसांसह स्वीकार करून ते बदलले. त्या जर-तरमध्ये सांत्वन आहे. धडा गोदाकाठच्या लढाईत आहे.

मराठवाड्याचे जर-तर

या भूमीपुरते आणखी एक जर-तर आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात आले नसते तर? बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात उच्च शिक्षण उर्दूतून होते, तर मराठी बोलणाऱ्या प्रजेला सभा-संघटनेचे स्वातंत्र्य तोकडे होते. १७ सप्टेंबरला संस्थान शरण आले. परंतु त्याआधीची दहा वर्षे स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आर्य समाजाच्या सत्याग्रहींनी आणि गावोगावच्या अनाम माणसांनी तुरुंगवास व अत्याचार सोसले होते. या विषयावर कोणी कल्पित जगाची मालिका लिहिली, तर ती अवश्य लिहावी. न मिळालेल्या स्वातंत्र्याचे चित्र ऐकल्यावर मिळालेल्या स्वातंत्र्याची किंमत मुलांना नेमकी कळेल.

गोष्ट कोठे सोडते?

म्हणून मुलांच्या कानातील हेडफोन ओढून काढण्याचा सल्ला येथे द्यावयाचा नाही. तो कोणी पाळणारही नाही. कल्पित जगाची परीक्षा एका प्रश्नाने करावी: गोष्ट संपल्यावर ती श्रोत्याला कोठे आणून सोडते? पुढच्या भागाच्या दुकानासमोर की त्याच्या स्वतःच्या गावात, स्वतःच्या कामापाशी? गीतरामायणाने श्रोत्याला घरी आणून सोडले. नारळीकरांनी गंगाधरपंतांना पुण्यात परत आणले. या कसोटीवर बाहेरची गोष्टही उतरू शकते आणि आपल्या नावाने विकली जाणारी ऐतिहासिक गोष्टही नापास होऊ शकते. तलवारींचा खणखणाट भरपूर आणि तारखा चुकीच्या, अशी मालिका केवळ भगवा पडदा लावल्याने राष्ट्रकार्य ठरत नाही.

करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. घरात आठवड्यातून एक दिवस मुलाने ऐकलेला भाग सर्वांनी मिळून ऐकावा आणि त्यावर बोलावे. शाळेत नाटकाची आवड असणारी मुले असतात, गावात कीर्तनकार असतात, जुन्या आठवणी सांगणारे आजोबा असतात. ध्वनिमुद्रणाला आता स्टुडिओ लागत नाही. शांत खोली, एक मोबाईल आणि अंगावरच्या दोन गोधड्या पुरतात. दहा-दहा मिनिटांचे दहा भाग होतील. आरंभ हवा तर कल्पित जगापासून करावा: १० ऑगस्ट १७६३ ला गोदावरीला पूर आलाच नाही, निजाम अलीकडे परतला, मग काय झाले असते? नऊ भाग मुलांना कल्पना लढवू द्याव्यात. दहाव्या भागात खरे काय घडले ते सांगावे.

आणि तो दहावा भाग घरी ऐकू नये. मुलांना राक्षसभुवनला न्यावे, नदीकाठी गोल करून बसवावे आणि तेथे तो लावावा. त्याची एक प्रत ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांच्या मोबाईलवर पाठवावी. रात्री कोपीत, दिवा मालवल्यावर, आपल्याच मुलाच्या आवाजात आपल्याच तालुक्याची गोष्ट त्यांच्या कानी पडेल.