कार्बोनिलचा धडा कुठून सुरू करावा?



रसायनशास्त्राच्या शिक्षकांसमोर बोलताना अध्यक्षाने विषयाच्या सगळ्या शाखांचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज एकाच धड्याबद्दल बोलणार आहे : अल्डिहाइड आणि कीटोन. हा धडा आला की मुलं वहीच्या मागच्या पानावर नावं उतरवून काढतात. अल्डॉल, कॅनिझारो, क्लेमेन्सन, वुल्फ-किश्नर. परीक्षेपर्यंत ती पाठ असतात, मग पुसली जातात. यात दोष मुलांचा नाही. आपण त्यांना नावं आधी देतो आणि रेणू नंतर.

खरं तर इथे मुळाशी दोनच गोष्टी आहेत. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे दुहेरी बंधाने त्याला जोडलेल्या कार्बनला इलेक्ट्रॉनची चणचण भासते आणि न्यूक्लिओफाइल नेमका तिथेच येतो. तोही वाटेल तिकडून नाही. ब्युर्गी आणि डुनिट्झ यांनी १९७०च्या दशकात स्फटिकांच्या रचना तपासून दाखवलं, की तो रेणूच्या प्रतलाच्या वरून, ऑक्सिजनपासून मागे कलत, सुमारे १०७ अंशांच्या कोनातून येतो. दुसरी गोष्ट शेजारच्या कार्बनची. त्याच्यावरचा हायड्रोजन आम्लारीने काढून नेला, की उरलेला ऋणभार कार्बोनिल वाटून घेतो आणि तो शेजारीच न्यूक्लिओफाइल होतो. बेन्झाल्डिहाइडला असा हायड्रोजनच नाही, म्हणून तीव्र आम्लारीत ते एकटं असेल तर अल्डॉल सोडून कॅनिझारोच्या वाटेने जातं. एवढं कळलेल्या मुलाला अपवादांची यादी द्यावी लागत नाही.

या दोन्ही गोष्टी एकाच रेणूत दाखवायच्या असतील, तर बेकर-वेंकटरामन पुनर्रचना फळ्यावर घ्या. ऑर्थो-हायड्रॉक्सी असिटोफिनोनचं बेन्झॉइल एस्टर करायचं आणि त्यावर आम्लारी घालायची. मिथिल गटाचा हायड्रोजन निघतो, तो कार्बन त्याच रेणूतल्या एस्टरच्या कार्बोनिलवर चढतो, आणि बेन्झॉइल गट ऑक्सिजनवरून कार्बनवर येतो. पुढे आम्लात पाणी निघून कडं मिटलं, की फ्लेव्होन हाती येतं. वेंकटरामन यांनी हे काम लाहोरला असताना केलं. शोधनिबंध १९३४ चा. पुढे ते मुंबईच्या यूडीसीटीचे संचालक झाले आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक. ज्यांनी आपल्या दोन मोठ्या संस्था घडवल्या, त्यांच्या नावाची अभिक्रिया एम.एस्सी.पर्यंत राखून ठेवण्याचं कारण मला दिसत नाही.

मुलांच्या घरातही कार्बोनिल आहे. आजोबा ‘तीन महिन्यांची साखर’ तपासून येतात, ती याच रसायनाची. रक्तातलं ग्लुकोज बहुतेक कड्याच्या रूपात असतं, पण कडं उघडतं तेव्हा त्याचं अल्डिहाइड हिमोग्लोबिनच्या टोकाच्या अमिनो गटाला चिकटतं. आधी शिफ बेस होतो, मग पुनर्रचना होऊन पक्का बंध बनतो. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून तेवढ्या काळातली साखर त्या आकड्यात उमटते. मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्या समाजात हे उदाहरण वर्गात यायलाच हवं.

आता प्रयोगशाळेकडे येतो. डीएनपीच्या चाचणीत आपण अवक्षेपाचा रंग लिहून घेतो आणि गुण देऊन मोकळे होतो. परखनळीत असिटोनचा अवक्षेप पिवळसर पडतो, दालचिनीच्या तेलातल्या सिनॅमाल्डिहाइडचा लाल. हा फरक पडतो, कारण दुसऱ्या रेणूत कार्बोनिलला लागूनच दुहेरी बंध आणि बेन्झिनचं कडं आहे. इलेक्ट्रॉन तितके लांबवर पसरतात आणि शोषला जाणारा प्रकाश बदलतो. हे मुलाला बोलतं करून विचारायला दोन मिनिटं पुरतात. 

म्हणून माझी मागणी आहे, की प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत रंगासाठी जितके गुण, तितकेच इलेक्ट्रॉनचे बाण काढून दाखवण्यासाठी असावेत. दुपारच्या सत्रात मी तसा ठराव मांडणार आहे. प्रयोगशाळेतली गर्दी, अपुरा वेळ, बाहेरून येणारे परीक्षक, ज्या काही अडचणी असतील त्या तिथे मोकळेपणाने सांगा, म्हणजे ठरावाचा मसुदा त्यानुसार बदलता येईल.